पूर्व दाखव

शांतवन नानांच्या बायकोला मी उलटं पुरलं.

पालथं नव्हे, इतकाही मी वाया गेलेलो नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करून पुरायची जुनी रीत आहे. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, कर्णा वाजणार, तेव्हा माणसानं नुसतं उठून बसायचं. तोंड आपोआप त्याच्याकडे. वळायला नको, शोधायला नको, कुणाला विचारायला नको. धुळ्याच्या आमच्या कबरस्तानात मिशनच्या काळापासूनची सगळी माणसं अशी ओळीनं निजलेली आहेत. एकट्या रूथअक्का उलट्या. तो दिवस उजाडेल तेव्हा सगळी मंडळी उगवतीकडे बघत असेल आणि अक्का साक्री रोडकडे.

दुसऱ्या कुणाच्या बायकोच्या बाबतीत हे झालं असतं तर खपून गेलं असतं. पण शांतवन नाना म्हणजे मिशन शाळेतले भूगोलाचे शिक्षक. माझेही.

नानांच्या जगात डावं-उजवं नव्हतंच. वर्गात म्हणायचे, "पश्चिमेच्या खिडकीला कडी लाव." "उत्तरेच्या बाकावर कोण बडबडतंय?" घरी जेवायला बसले की अक्कांना सांगायचे, "भाकरीच्या दक्षिणेला जरा ठेचा वाढ." न्हाव्याकडे गेले तरी तेच. "पूर्वेचा कल्ला मोठा राहिलाय," म्हणायचे, आणि खुर्ची फिरती असल्यामुळे न्हावी दर खेपेला भलताच कल्ला कापायचा. नाना कित्येक वर्षं एका बाजूनं तरुण आणि दुसऱ्या बाजूनं म्हातारे दिसत.

पाचवीत त्यांनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "अविनाश, पूर्व दाखव." मी मोठ्या ऐटीत हात केला. वर्ग हसला. नाना हसले नाहीत. म्हणाले, "तिकडे मुख्याध्यापक बसतात. तेही उगवतात, पण उशिरा."

तेव्हापासून मी दिसलो की हा प्रश्न ठरलेला. बाजारात, उपासना सुटल्यावर, इतकंच काय, माझ्या लग्नात स्टेजवर हात मिळवतानाही नाना माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पूर्व दाखव." बायको विचारत होती, काय म्हणाले? मी म्हणालो, आशीर्वाद दिला. फोटोत मात्र मी कुठेतरी बोट दाखवत उभा आहे, आणि ती दिशा दक्षिण आहे, असं नानांनी अल्बम बघताना सांगितलं.

अक्का सावद्याच्या. त्यांचे वडील तिकडे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नाना चिडवायचे, "आमची पांझरा शहाणी, पूर्वेला जाते. तुमची तापी उलटी, पश्चिमेला. तापीकाठची बायको केली, आता भोगतोय."

"पण शेवटी तुमची पांझराच वळून तापीले मिळते ना, बाप्पा?" अक्का म्हणायच्या.

यावर भूगोलाच्या शिक्षकाला बोलता येत नसे, कारण ते नकाशात तसंच होतं.

अक्कांचं तोंड कायम मागच्या दिवसांकडे. रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायरीवर त्या आणि आणखी दोघी-तिघी म्हाताऱ्या बसायच्या आणि मिशनच्या गोऱ्या मड्डमच्या वेळचं सुरू व्हायचं. मड्डम पायपेटी वाजवायच्या ती. नाताळला परदेशाहून यायची ती पेटी, तिच्यातला मुरंब्याचा डबा, आणि रिकामा झाल्यावर तो डबा कुणाला मिळाला यावरून झालेलं भांडण. बोर्डिंगच्या मुलींची लाल रिबिनींची रांग. दोंडाईच्याच्या स्टेशनावर पाहुण्यांना आणायला गेलेला बँड आणि गाडी चुकल्यामुळे त्यानं दुसऱ्याच कुणा मारवाडी वऱ्हाडाचं केलेलं स्वागत. अक्का सांगायला लागल्या की पायरीवर लाल रिबिनी दिसायच्या. मग त्या थांबायच्या आणि समोर बघायच्या. समोर बोर्डिंगचं दार, त्याला कुलूप, आणि कुलपाला गंज. दवाखान्यात वटवाघळं. शाळेचे वर्ग पोरांअभावी एकेक करून मिटलेले. चर्चमधल्या बाकांवर तर अशी परिस्थिती की पाळकसाहेब "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणायचे तेव्हा बंधू नेमका कोण, ते सगळ्यांना कळायचं. तरणी माणसं पुण्याला, सुरतेला. उरलो आम्ही, म्हणजे ज्यांना कुणी कुठे बोलावलं नाही ते.

"काय दिवस होते!" अक्का म्हणायच्या.

"यायचे आहेत अजून," नाना पायरीखालून म्हणायचे. "तू उलट्या बाजूला बघतेस."

नुसतं म्हणायचे नाहीत. रोज पहाटे उठून ते परसात जात, पूर्वेला तोंड करून उभे राहत, आभाळ तांबडं होईपर्यंत बघत, आणि आत येऊन अक्कांना सांगत, "आज नाही."

"मग चहा घ्या," अक्का म्हणत.

हे रोज. बातमी दिल्यासारखं आणि बातमी घेतल्यासारखं. कधी अक्कांचं डोकं उठलं असेल तर म्हणायच्या, "काहाले रोज पाहता? येईन तो तेव्हा काय चोरासारखा येईन का?" मग स्वतःच जीभ चावायच्या, कारण शास्त्राप्रमाणे तो नेमका तसाच यायचा होता.

मधे शेजारच्या जगन पाटलांनी तीन मजले चढवले आणि नानांची पूर्व झाकली. नाना भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाटलांचा जिना चढून त्यांच्याच गच्चीवर जाऊन उभे राहिले. पाटलीणबाई वाळवणाची चादर घेऊन वर आल्या आणि किंचाळल्या. पाटील धावत आले.

"नाना, इतक्या पहाटे कोनी वाट पाही राहिनात?"

"आमच्या प्रभूची."

पाटलांनी थोडा विचार केला. माळकरी माणूस. म्हणाले, "मंग गेटले कुलूप लावत जाऊ नको का?"

त्यानंतर त्या गेटाला कुलूप लागलं नाही. आमच्या मंडळीत याच्याइतका विश्वास ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी तर दर रविवारी पहिल्या बाकावर असतो.

आता ती दुपार. मे महिन्याच्या अखेरीस खानदेशात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखाली जाऊन लपते. नाना ऐन सुट्टीत पोरांना मैदानावर बोलावून ते दाखवायचे. फुफाट्यात काठी उभी करायचे. सावली आखडत आखडत नाहीशी झाली की म्हणायचे, "बघून घ्या. आता पूर्व नाही, पश्चिम नाही. घाबरायचं नाही, थांबायचं. सावली परत येते." आम्हाला घाबरायला सवडच नसायची, आम्ही चटके बसतात म्हणून एका पायावर नाचत असायचो.

अक्का गेल्या त्या नेमक्या त्या दिवसांत. मी कबरस्तान कमिटीचा सेक्रेटरी. हे पद दुसऱ्या कुणाला नको होतं, म्हणून मला मान मिळाला होता. कबरस्तानाचं फाटक पश्चिमेला. पेटी नेहमी फाटकातून पाय पुढे करून सरळ आत नेतात, तशीच खड्ड्यात उतरवतात, की पाय आपोआप पूर्वेला. डोकं चालवायचं कामच नाही, आणि म्हणून इतकी वर्षं माझ्या हातून काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी फाटकापुढे गटारासाठी रस्ता खणून ठेवला होता. आम्ही मागच्या पडक्या भिंतीतून आत शिरलो, म्हणजे पूर्वेकडून. मी पुढे होऊन ओरडत होतो, "पाय पुढे, सरळ आत! सरळ आत!" लोक घामानं निथळत होते. सावली कशाचीच नव्हती, झाडाचीसुद्धा त्याच्या बुंध्यापुरती. नानांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. पट्टी बांधून, डोक्यावर ओला पंचा घेऊन ते लिंबाखाली बसले होते. त्यांची मुलगी एस्तेर त्यांना धरून होती.

खड्डा खणणारा सुकलाल दोर हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? सोड," मी म्हणालो.

त्यानं सोडला. नंतर मी त्याला पुष्कळ बोललो तेव्हा म्हणाला, "खड्डा ते दोन्हीकडथून सारखाच दिखस, साहेब. माले वाटनं, तुम्हले माहीत शे."

एस्तेर जळगावला शाळेत शिकवते. माझ्याहून थोडी मोठी, बापासारखीच सरळ बोलणारी. तिनं नानांना सोबत नेलं. ते परत धुळ्याला आले ते पुढच्या ईस्टरला. त्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमते आणि सूर्य उगवता उगवता गीतं गाते. गीत चालू होतं. ऊन आलं. सगळ्या क्रुसांच्या सावल्या कबरींपासून दूर पडल्या आणि एकाच क्रुसाची कबरीच्या अंगावर, डोक्यापासून पायांपर्यंत. नानांचं गाणं थांबलं. मी मोठ्यानं गायला लागलो.

"अविनाश."

"नाना."

"क्रूस डोक्याशी रोवलाय ना?"

"हो नाना."

"मग पूर्व दाखव."

सूर्य समोर होता. मलासुद्धा चुकायला वाव नव्हता. मी हात वर केला आणि तो तसाच राहिला, कारण बोट बरोबर अक्कांच्या क्रुसाकडे होतं. त्यांनी खाली बसून कबरीवरची दोन वाळकी पानं उचलली आणि खिशात घातली.

मी म्हणालो, "नाना, मी परवानगी काढतो. सुकलालला सांगतो. उकरून फिरवून घेऊ."

"नको. झोपू दे तिला," ते म्हणाले. "आयुष्यभर पहाटे मीच उठवलं." मग म्हणाले, "तिला तिकडेच बघायचं होतं रे. मावळतीकडे. पण त्या दिवशी सगळे इकडे बघत असतील आणि ही एकटी पाठ करून. तिला वाटेल, कुणी आलंच नाही."

मला माझ्या चुका विनोदी करून सांगायची सवय आहे. ही मी आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

तोडगा नानांनीच काढला. अक्कांच्या पायांशी, पश्चिमेला, एक जागा मोकळी होती. तिथे त्यांना रीतीप्रमाणे पुरायचं. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे अक्कांच्या पायांना पाय. "मी उठलो की समोर ती. ती उठली की समोर मी. मग मी सांगेन, रूथ, मागे वळ." बोलता बोलता त्यांचा चेहरा वर्गात नकाशा लटकवताना व्हायचा तसा झाला. "तेवढं जमव. दुसरं काही मागत नाही."

अडचण एकच. ती जागा म्हणजे दोन ओळींमधली पायवाट होती. सगळ्या पेट्या तिथूनच जायच्या.

कमिटीची बैठक भरली. पाळकसाहेब नाशिककडचे, तरुण, प्रेमळ. म्हणाले, "नाना, देवाला दिशा नसते."

"देवाला नसेल," नाना म्हणाले. "रूथला आहे."

"पण वाट अडली तर बाकीच्यांनी कुठून जायचं?" खजिनदार म्हणाले.

"उठायच्या दिवशी वाट कुणाला लागते?"

"तोपर्यंत लागेल ना, नाना!"

सगळे हसले. नाना हसले नाहीत. मग मी बोललो. वडिलांच्या शेजारची, माझ्यासाठी राखलेली जागा सोडतो, वाट तिच्यावरून वळवा, असं म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, माझ्या त्यागानं सगळे भारावले.

खजिनदार म्हणाले, "चालेल. तसंही लोक तुझ्यावरूनच चालतात."

ठराव झाला. वडिलांच्या शेजारून आता पायवाट जाते. मी कुठे जाणार, ते ठरायचं आहे.

त्यानंतर नाना जळगावलाच राहिले. एस्तेरचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, चहूबाजूंना तसेच चौथे मजले. मी बँकेच्या कामानं गेलो की एसटी स्टँडवरून थेट तिकडे जायचो. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, "पूर्व दाखव." मी चुकलो, त्यांनी सुधारलं, दोघांना बरं वाटलं. पुढच्या खेपांना मी चुकलो तरी ते काही बोलेनात. जेवताना "दक्षिणेला वाढ" म्हणणं बंद झालं. नुसतं बोट दाखवायचे. एकदा एस्तेर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "रात्री संडासची वाट सापडत नाही त्यांना. भिंत चाचपत बसतात. मी पट्ट्या चिकटवल्यात, बाण काढून."

हा माणूस. नकाशा न बघता फळ्यावर अख्खी तापी काढणारा.

शेवटचं मी त्यांना बघितलं ते पावसाळा सरता सरता. बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. मला ओळखलं. हात धरला आणि विचारलं, "अविनाश, पूर्व कुठे आहे रे?"

परीक्षा नव्हती ती. त्यांना खरंच हवं होतं. आणि विचारत होते मला. मी मोबाइल काढला, त्यातलं होकायंत्र लावलं, ते गोल गोल फिरायला लागलं. मी अंदाजानं हात केला. ते तिकडे बघत बसले. तिकडे पाण्याची टाकी होती.

"खरं सांग," ते म्हणाले. "उठतात का रे माणसं?"

रोज पहाटे जिना चढणाऱ्या माणसानं हे मला विचारावं, पहिल्या बाकावर बसून घड्याळ बघणाऱ्याला! मी म्हणालो, "नाना, हे आम्हाला अभ्यासक्रमात नव्हतं."

कसा तरी विनोद करावा, एवढंच मला येतं. ते हसले नाहीत. मी तिथेच मेलो असतो तर बरं झालं असतं, पण मला जागाही नव्हती.

मग मी म्हणालो, "तुम्हीच सांगायचात ना. सावली जाते तेव्हा घाबरायचं नाही, थांबायचं."

"मी सांगायचो?"

"हो."

"मग खरं असेल," ते म्हणाले. पण आवाजात मला काही सापडलं नाही, होही नाही, नाहीही नाही. मग टाकीकडे बघत, स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "आज नाही."

मला कळलं. आयुष्यात एकदा वेळेवर कळलं. मी म्हणालो, "मग चहा घ्या, नाना."

त्यांनी वळून माझ्याकडे नीट बघितलं.

"तू रूथ नाहीस," ते म्हणाले.

थंडीत ते गेले. एस्तेर त्यांना धुळ्याला घेऊन आली. गटाराचं खोदकाम कधीच बुजवलं होतं, त्यामुळे पेटी फाटकातून आत आली, रीतीप्रमाणे पाय पुढे. जगन पाटील सगळ्यात आधी येऊन बसले होते, टोपी हातात घेऊन. सुकलालनं खड्डा खणला होता तो अक्कांच्या पायांशी, मधे हातभर माती सोडून. मी यावेळी तयारीनं आलो होतो. शाळेचं जुनं पितळी होकायंत्र नानांनी मागेच मला दिलं होतं. "तुला याची गरज आहे" म्हणून. मी ते उघडून खड्ड्याच्या काठाशी उभा राहिलो. सुकलालची पहार शेजारीच रोवलेली होती आणि काटा तिच्याकडे बघून थरथरत होता, पण हे मला नंतर कळलं.

"थांबा," मी खांदेकऱ्यांना म्हणालो. "थोडं फिरवावं लागेल."

खांदेकरी थांबले. पाळकसाहेब थांबले. सुकलालनं डोक्याला हात लावला.

एस्तेर पुढे आली. डोळे सुजलेले. तिनं माझ्या हातातलं होकायंत्र घेतलं, मिटलं आणि पर्समध्ये टाकलं. मग आईच्या क्रुसाकडे बोट करून खांदेकऱ्यांना म्हणाली, "नानांचे पाय तिकडे. आईकडे. सोडा."

पेटी खाली गेली. दुपार कलली होती. सुकलालनं नानांच्या डोक्याशी लाकडी क्रूस रोवला तशी त्याची सावली त्यांच्या अंगावरून, जराशी तिरकी, अक्कांच्या पायांपर्यंत जाऊन पडली. सकाळी तिकडची इकडे येणार, हे मी मनात हिशेब करून काढलं, आणि तो हिशेब बरोबर होता असं मला आजही वाटतं. कुणाला विचारलेलं नाही.

लोक मूठमूठ माती टाकायला पुढे येत होते. मी नेमका वाटेत, म्हणजे माझ्याच सोडलेल्या जागेवर, रडत उभा होतो.

"अविनाश, वाट सोड," एस्तेर म्हणाली. "जरा उत्तरेला सरक."

मी सरकलो.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग सूर्याकडे, मग परत माझ्याकडे.

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्या लिंबाखाली जाऊन उभा राहा."